जाळीपलीकडचे ओठ

४ सप्टेंबर

ती. काकांना भुंगीचा सप्रेम नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोन करायचा तर मी इकडे बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि तुम्ही तिकडून "हो हो, जेवण झालं" म्हणायचं. मोबाइलवर लिहावं तर तुम्ही म्हणता, ही अक्षरं आहेत की मुंगीची पिल्लं. म्हणून कागद-पेन. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बातमी अशी की तुमची पुतणी या वयात पुन्हा शाळेत जायला लागली आहे. दर गुरुवारी दुकान बंद झालं की चर्चच्या मागच्या खोलीत सिस्टर आम्हा चार-पाच मोठ्या माणसांना शिकवतात. बाबांनी तान्ही असताना माझा बाप्तिस्मा केला, पण पुढे त्यांच्या नोकरीच्या गावी चर्च लांब पडायचं, आणि आज करू, उद्या करू म्हणता म्हणता माझं पहिलं कम्युनियन राहूनच गेलं. बाबा गेल्यावर कपाट आवरताना माझा बाप्तिस्म्याचा पांढरा झगा सापडला. त्याचं कापड तुमच्या मागावरचं, असं बाबा नेहमी सांगायचे. मी दिवसभर लोकांचे कपडे हाताळते, पण तो एवढासा झगा हातात घेतला आणि मला काही सुचेना. त्याच आठवड्यात सिस्टरांकडे नाव दिलं.

१९ ऑक्टोबरच्या रविवारी कम्युनियन आहे. आदल्या दिवशी, शनिवारी, पहिलं पापनिवेदन. आणि इथेच घोडं पेंड खातंय. सिस्टर म्हणतात, आधी आठवायचं, मग मनापासून वाईट वाटायला हवं, पुन्हा करणार नाही असं ठरवायचं, मग फादरांना सांगायचं आणि ते देतील ते प्रायश्चित्त करायचं. ऐकायला पँट आखूड करण्याइतकं सोपं आहे. पण त्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून जाळीपलीकडच्या माणसाला मी नेमकं काय सांगू? किती मागे जाऊ? पहिलीच्या वर्गापासून आठवायला लागले तर शेजारच्या मुलीच्या वेणीला डिंक लावला होता, तिथेच अडकले. माझी फार गाळण उडाली आहे, काका. एकदा वाटलं, नकोच ते, सिस्टरांना सांगावं की मला जमणार नाही.

मग तुम्ही आठवलात. तुम्ही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून पापनिवेदनाला जायचात आणि येताना शीळ घालत यायचात. मी सुट्टीला यायचे तेव्हा मला वाटायचं, तिथे खाऊबिऊ काहीतरी वाटत असणार. तर मला नीट सांगा. आणि दुसरी गोष्ट, हट्ट समजा: त्या रविवारी तुम्ही यायचं, माझ्या शेजारी उभं राहायचं आणि माझ्याबरोबर कम्युनियन घ्यायचं. बाबा नाहीत. तुम्ही असाल तर मी त्या खोक्यात जाईन, नाहीतर माझे पाय वळणार नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुमची,
भुंगी

*

११ सप्टेंबर

चि. भुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की तुझ्या काकूने विचारलं, कोणाचं लग्न ठरलं. दादा असता तर त्याने वरवर खाकरून दाखवलं असतं आणि आत जाऊन डोळे पुसले असते. देवाचे उपकार आहेत, दुसरं काय.

आता तुझ्या गाळणीचं. अगं, पापनिवेदन म्हणजे चोराने पोलिसांसमोर दिलेला जबाब नव्हे. आमच्या कारखान्यात मी माग चालवायचो आणि तुझी काकू कापड तपासायची, हे तुला माहीत आहे. तिचं काम कसं चालायचं ते सांगतो. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, आणि वरून कापड हळूहळू ओढत न्यायचं. जिथे धागा तुटलेला, जिथे तेलाचा डाग, तिथे खडूने खूण. ती कधी कापडावर चिडली नाही. हे कापडच वाईट म्हणून कधी ताग्याला लाथ मारली नाही. आणि दिसलेला दोष कोणाच्या भिडेने झाकलाही नाही. माझ्या ताग्यांवर तिच्या खुणा इतक्या पडायच्या की एकदा मी जाब विचारायला गेलो. त्यातूनच पुढे काय झालं ते तू जाणतेसच. शेडमध्ये मागांच्या खडखडाटात कानाला काही लागायचं नाही, म्हणून आम्ही सगळे मुकं बोलायचो, नुसते ओठ हलवून. मी मागाच्या या बाजूने विचारलं आणि तिने त्या बाजूने "हो" म्हटलं. आवाज कोणाचाच नाही.

तर तू तेवढंच करायचं. आधी देवाकडे दिवा माग, कारण अंधारात कापड तपासायला बसलं की एकतर सगळंच स्वच्छ दिसतं किंवा सगळंच मळकं. मग शांतपणे कापड ओढत जा. डिंकाचं सोड. जे आठवून आजही टोचतं, जे कोणाला लागलं, जे पुन्हापुन्हा होतं, ते बघ. जड असेल ते आधी सांग, म्हणजे उरलेलं आपोआप हलकं होतं. नटवू नकोस आणि मुद्दाम काळंही करू नकोस. मुद्दाम विसरायचं नाही, एवढंच पथ्य. खरंच विसरलीस तर देव काही अडवून धरत नाही. आणि फादरांचं तोंड मोहोरबंद असतं. जीव गेला तरी ते बोलायचे नाहीत.

मला मात्र तुझं काही सांगू नकोस. तिथलं तिथेच सांगायचं.

माझं काय विचारतेस, मी तिथलं जुनं गिऱ्हाईक. नेमाने चालू आहे. फक्त रविवारी येण्याचं जमेल असं वाटत नाही. गुडघे फार धरलेत, बसचा प्रवास झेपणार नाही. तू कम्युनियन घे, मी इथून आशीर्वाद पाठवतो.

तुझा काका

ता. क. हे मी, काकू. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून कोपऱ्यात लिहिते. ह्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. कान गेले तेव्हापासून हा माणूस पापनिवेदनाला गेलेला नाही, आणि म्हणून कम्युनियनची भाकर घ्यायलाही उठत नाही. रविवारच्या मिस्साला, प्रार्थनेला, येतात, पण मागच्या बाकावर खांबाआड बसून राहतात. का, ते मला विचारू नकोस. ह्यांनाच विचार, पण माझं नाव घेऊ नकोस.

*

२० सप्टेंबर

ती. काका,

तुमचं पत्र कात्रीच्या पेटीत ठेवलंय, जेवणाच्या सुट्टीत वाचते. दिवा मागायचं बरं सांगितलंत. मी मागितला आणि तयारीला लागले. बघा कसं वाटतंय:

"मी चिडते, कारण मालकीणबाई सगळ्यांसमोर माझी शिलाई उसवून दाखवतात. मी मनात राग धरते, कारण त्यांनी माझं कौतुक गिऱ्हाइकासमोर कधी केलेलं नाही. मी कधीकधी खोटं बोलते, कारण त्यांना सुट्टी मागितली की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मी प्रार्थनेत लक्ष देत नाही, कारण मालकीणबाई शनिवारी उशिरापर्यंत थांबवून घेतात."

अजून बरंच आहे, पण साधारण असंच. जमतंय का?

आता एक गोष्ट उगीच विचारते, मनात काही धरू नका. तुम्हाला त्या खोक्यात फादरांचं बोलणं ऐकू कसं येतं? आणि काका, काकू जेव्हा मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा तुम्ही देवावर रुसलात का? रुसला असाल तर मला चालेल. मी पण बाबा गेल्यावर रुसले होते. पण तुम्ही मला कापड कसं तपासायचं ते इतकं सुंदर सांगितलंत, आणि तुम्ही स्वतःच खांबाआड बसता, हे मला सहन होत नाही.

वरचं वाक्य कापता आलं असतं, पण पत्र पुन्हा लिहायचा कंटाळा आला.

तुमची,
भुंगी

*

२९ सप्टेंबर

चि. भुंगी,

पाकीट तुझी काकू चिकटवते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. हे पत्र मी स्वतः चिकटवणार आहे आणि स्वतः पेटीत टाकणार आहे.

आधी तुझ्या तयारीबद्दल. हे तुझ्या मालकीणबाईंचं पापनिवेदन झालं. चांगलं झालंय, पण ते त्यांचं त्यांना करू दे. तू फक्त तुझ्या वाट्याचं कापड ओढ. प्रत्येक वाक्यातला "कारण" काढून टाक आणि मग वाच. "मी चिडते." "मी मनात राग धरते." "मी खोटं बोलते." बघ, किती थोडं उरलं आणि किती जड झालं. तेवढंच घेऊन जायचं.

आता माझं. खोटं लिहिलं, चुकलं. "नेमाने" वगैरे काही नाही.

देवावर मी रुसलो नाही. झालं असं की कान पार गेल्यावरही मी नेहमीसारखा पहिल्या शनिवारी गेलो. जन्मभर शेडमध्ये काढलेल्या माणसाला दोनच प्रकार येतात: एकतर मुकं बोलणं, नाहीतर ओरडणं. कान होते तोवर मी बाहेरच्या जगात आवाज बेतून वापरायचो. कान गेले आणि माप गेलं. मला वाटलं मी कुजबुजतोय. सगळं सांगून झालं, जाळीपलीकडे म्हातारे फादर काहीतरी बोलले असणार, मला एक अक्षर कळलं नाही. अंधार, त्यात ती जाळी. ओठ दिसले असते तर वाचले असते. मी अंदाजाने आमेन म्हटलं आणि बाहेर आलो. बाहेर रांगेतले सगळे आपापल्या चपला बघत होते. ओठ वाचणाऱ्या माणसाला चेहरे वाचायला शिकवावं लागत नाही. मी ओरडून सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं.

आणि त्या रांगेत तुझी काकू उभी होती.

मी जे सांगितलं ते तिच्याबद्दल होतं. माझं आहे म्हणून तुला सांगतो, कोणालातरी सांगायलाच हवं. ती अंथरुणाला होती त्या वर्षी एका संध्याकाळी तिला कुशीवर वळवताना मनात आलं, संपू दे एकदाचं हे. नुसतं आलं असतं तर गोष्ट वेगळी. मी ते घोळवत बसलो. ती गेल्यावर घर किती शांत होईल, मी किती झोपेन, याचा हिशेब करत बसलो. ती माझ्या हातात होती, भुंगे, आणि मी हा विचार करत होतो. ती बरी झाली, चालायला लागली, त्यानंतरही हे बाहेर काढायला मला फार वेळ लागला. आणि काढलं ते असं.

फादर काय म्हणाले ते मला आजतागायत माहीत नाही. माफ केलं की हाकलून दिलं, देव जाणे. ते फादर आता हयात नाहीत. आणि तुझ्या काकूने किती ऐकलं तेही माहीत नाही. तिने कधी विचारलं नाही, मी कधी काढलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिने नेहमीसारखा चहा दिला. पुन्हा त्या रांगेत जाऊन उभं राहिलो तर तिला ते आठवेल, म्हणून मी जात नाही. इतकंच आहे ते.

तर मी तुझ्या शेजारी उभा राहू शकणार नाही. काकूला यातलं काही कळू देऊ नकोस.

काका

*

५ ऑक्टोबर

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मी दुकानातल्या ट्रायल रूममध्ये जाऊन रडले. मालकीणबाई बाहेरून म्हणाल्या, "कपडा फाटला का?" मी म्हटलं, नाही, डाग सापडला. त्यांना काही कळलं नाही. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास टाकलात, याबद्दल तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही.

गुरुवारी मी सिस्टरांना विचारलं. तुमचं नाव काढलं नाही, "एका माणसाचं सांगते" म्हणून सांगितलं. सिस्टर तशा शिस्तीच्या आहेत, पण हे ऐकताना त्यांनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. त्या म्हणाल्या, त्या माणसाने मनापासून सांगितलं आणि फादरांनी पापक्षमेचे शब्द उच्चारले, तर माफी तेव्हाच मिळाली. कानांनी ती ऐकली नाही म्हणून देवाने दिलेली परत जात नाही. काका, तुम्ही इतकी वर्षं खांबाआड बसलात ते माफी नव्हती म्हणून नाही. ती तुमच्यापर्यंत पोचली होती, तुम्हाला कळवणारं कोणी नव्हतं.

दुसरं म्हणजे, त्या खोक्यातच बसायला पाहिजे असं कुठे आहे? आमच्याकडे फादर बाजूच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर टाकतात. उजेड असतो आणि दार बंद असतं. तुमच्यासारख्या ओठ वाचणाऱ्या माणसाने अंधारात जाळीतून ओठ शोधत बसावं, याला काय म्हणावं? पाण्यात राहून तहानेने मरण्यातला प्रकार झाला. आवाजाचं म्हणाल तर छातीवर हात ठेवून बोला. छाती थरथरली की समजायचं, ओरडतोय. मी दुकानात करून बघितलं, बरोबर कळतं.

एक अडचण आहे. आमच्या फादरांना भरघोस मिशी आहे, वरचा ओठ दिसतच नाही. त्याचं मी बघते.

आणि आता जे लिहिते ते नीट वाचा. मी सिस्टरांना हेही विचारलं की रांगेतल्या माणसाच्या कानावर चुकून पडलं तर? त्या म्हणाल्या, फादर जसे बांधलेले असतात तसाच तोही बांधलेला असतो. त्याने ते कोणापाशी काढायचं नाही. ज्याचं पाप त्याच्यापाशीही उकरून काढायचं नाही.

काका, काकू गप्प राहिल्या त्या रागाने गप्प आहेत असंच तुम्ही धरून चाललात. त्या नेम पाळत असतील तर?

तुमची,
भुंगी

*

१० ऑक्टोबर

चि. भुंगीस काकूचे आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना माहीत आहे, चोरून लिहीत नाही. चोरून लिहायची आता गरज राहिली नाही, आणि ती तुझ्यामुळे.

तुझ्या काकांना एक सवय आहे, जी ह्या घरात त्यांच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक आहे. कान गेल्यापासून ते मनात वाचत नाहीत आणि मनात लिहीतही नाहीत. त्यांना वाटतं मनातल्या मनात चाललंय. प्रत्यक्षात पत्र लिहिताना एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहितात. तुला परवा जे पत्र लिहिलं, "काकूला कळू देऊ नकोस" इथपर्यंत, ते सगळं त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून खणखणीत आवाजात लिहिलं. मी चार पावलांवर भांडी घासत होते. नंतर मोठ्या ऐटीत पाकीट स्वतः चिकटवलं आणि टाकायला गेले. मला हसावं की रडावं तेच कळेना. माझे हात पाण्यातच राहिले.

लगेच बोलले नाही. इतक्या वर्षांची गप्प बसायची सवय एका दिवसात कशी जाणार? मग काल तुझं पत्र आलं. तेही मोठ्याने वाचलं. रांगेतल्या माणसाबद्दल तू लिहिलंस तिथे थांबले. तेवढंच पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पोरी, रांगेत माझ्या कानावर जे पडलं ते माझं नव्हतं. ते देवाच्या दारातलं होतं, मी चुकून तिथे उभी होते. ते मी कोणापाशी बोलले नाही, ह्यांच्यापाशीही नाही, आणि बोलायची इच्छा झाली नाही असा दिवस क्वचितच गेला. लहानपणी आम्हाला असंच शिकवलं होतं, आणि मी ते धरून राहिले. पण माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या टेबलावर बसून, माझ्यासमोर ह्यांनी जे म्हटलं त्याला कसली मोहोर? त्यावर मी बोलू शकते.

मी ह्यांना खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं आणि जुन्या पद्धतीने, मुक्यानेच म्हटलं, "मला माहीत आहे." हे पांढरेफटक पडले. मग मी पुढचं सांगितलं, तेही मुक्यानेच, कारण आवाज काढला असता तर मला रडू आलं असतं.

तुलाही सांगते. मी अंथरुणाला होते ते वर्ष हा माणूस रोज पाणी गरम करायचा, मला पुसायचा, केस विंचरायचा, गुंता झाला तर बोटांनी सोडवायचा. तोंडातून कधी "अरेरे" नाही. मला वाटायचं, हा देवमाणूस आहे, आणि मी त्याच्या गळ्यातली धोंड. देवमाणसाचे उपकार फार जड असतात गं, परत करता येत नाहीत. आणि मग मला कळलं की हे दमले होते. नकोसं झालं होतं ह्यांना मला वळवून वळवून. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाणी गरम करायला गेले. ज्याला दमणूकच नाही त्याने केलं तर त्यात काय मोठं? दमलेल्या माणसाने केलं, हे जास्त आहे. ते कळल्यावर पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या नवऱ्याने माझं केलं, कुठल्या संताने नाही. मी उपकाराखालून निघाले आणि संसारात परत आले.

आणि संपू दे असं काय त्यांना एकट्यालाच वाटलं होतं? मलाही वाटायचं, रोज.

माझं सांगून झाल्यावर ह्यांनी उठून चहा टाकला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. तो आम्ही तसाच प्यायलो.

शनिवारी सकाळच्या बसने येतो आहोत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे. फादरांच्या मिशीचं तेवढं बघ.

काकू

*

२२ ऑक्टोबर

ती. काका आणि ती. काकूंना सप्रेम नमस्कार.

तुमची बस वळणावरून गेली आणि मी तशीच दुकानात आले. तीन दिवस झाले, अजून माझ्या सुईत धागा नीट जात नाही, सारखे डोळे भरून येतात. त्यात दुःख काही नाही, तुम्ही काळजी करू नका.

गर्दीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून इथे सांगते. मिशीचं असं झालं. गुरुवारी मी फादरांना म्हटलं, माझे काका येतायत, त्यांना ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. ते म्हणाले, "मग काय अडचण आहे?" मी म्हटलं, "फादर, तुमची मिशी." सिस्टरांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. शनिवारी दुपारी फादर खोलीतून बाहेर आले आणि आम्ही त्यांना ओळखलंच नाही. ओठावर एक कापल्याचा डागही होता. म्हणाले, कॉलेजात असल्यापासून होती, आता बघू वारा कसा लागतो. मला तेव्हाच रडू फुटणार होतं.

माझं पापनिवेदन तुम्ही पोचायच्या आधीच झालं, तुम्ही वाटेत आहात म्हटल्यावर पाय आपोआप वळले. आत गेले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. मग तुमचं आठवलं, "कारण" काढून टाकायचं. जड होतं ते आधी सांगितलं. काय ते तुम्हाला सांगणार नाही, तिथलं तिथेच. पण त्यात मालकीणबाई निघाल्या आणि बाबाही निघाले, आणि मला माहीत नव्हतं की माझ्या कापडावर तिथे डाग आहे. फादरांनी पापक्षमेचे शब्द म्हटले आणि मला वाटलं, कोणीतरी पाठीवरून ओला कोट काढून घेतला. बाहेर आले तेव्हा मी पण शीळ घातली. तिथे खरंच काहीतरी वाटतात, काका.

प्रायश्चित्त म्हणून फादरांनी एक प्रार्थना दिली आणि एका माणसाचे आभार मानायला सांगितले. सोमवारी मी मालकीणबाईंना म्हटलं, मला शिवण तुम्ही शिकवलीत, त्यावर माझं घर चालतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पगारवाढ मागतेय. दुपारी मात्र स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्या पुढ्यात सरकवलं.

आणि रविवारी तुम्ही माझ्या शेजारी होतात. पुढच्या रांगेत, उजेडात. बाप्तिस्म्याचा झगा काकूंनी मांडीवर धरला होता. तुम्ही पवित्र भाकरीसाठी हात पुढे केलेत. एवढं मला पुरेल, आयुष्यभर पुरेल.

एकच विचारायचं राहिलं. शनिवारी तुम्ही दारामागे होतात आणि काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी लांब मेणबत्त्यांपाशी होते. दार उघडलं, तुम्ही बाहेर आलात, काकूंना काहीतरी विचारलंत, आणि त्यांनी नुसते ओठ हलवून काहीतरी उत्तर दिलं. तुम्ही हसलात. काय म्हणाल्या त्या? मला ओठ वाचता येत नाहीत.

तुमची,
भुंगी

*

२९ ऑक्टोबर

चि. भुंगीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तोंडावर हात ठेवून लिहितो आहे. तुझी काकू म्हणते, तरी ऐकू येतंय.

त्या फादरांना माझा नमस्कार सांग. मिशी पुन्हा ठेवली तरी चालेल म्हणावं, माझं काम झालं. आत मी छातीवर हात ठेवून बोललो, तू सांगितलंस तसं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची पुढे ओढून, चेहरा उजेडात धरून, एकेक शब्द सावकाश म्हणाले. जन्मभर मी लोकांच्या ओठांवरून काय काय वाचलं: धागा तुटला, माग थांबव, सुट्टी झाली, मुकादम येतोय. तुझ्या काकूच्या ओठांवरचा "हो" वाचला. त्या दिवशी फादरांच्या ओठांवर वाचलं, "मी तुझ्या पापांची क्षमा करतो." छोटं वाक्य आहे, भुंगे. म्हाताऱ्या फादरांनीही अंधारात तेच म्हटलं असणार. मी त्यांचेही आता रोज आभार मानतो, उशिरा का होईना.

आणि तुझे. मी तुला कापड तपासायला शिकवायला निघालो होतो, आणि तू माझा दिवा लावून दिलास.

तू विचारलंस ते सांगतो. बाहेर आलो आणि तुझ्या काकूला विचारलं, "ऐकू आलं का गं?" ती मुक्याने म्हणाली, "काहीच नाही."

आता गंमत बघ. तिच्या ओठांवर मी कधी चुकलो नाही. ती खरं बोलते की मला वाचवायला काही सांगते, हे मला मागाच्या पलीकडून कळायचं. त्या दिवशी मात्र मला कळलं नाही. खरंच ऐकू आलं नसेल, किंवा सगळं ऐकू आलं असेल आणि ती पुन्हा नेम पाळत असेल. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि माझ्या ध्यानात आलं की मला ते कळून घ्यायचंच नाही. म्हणून हसलो. मग तिचा हात धरला आणि आम्ही मेणबत्त्यांपाशी तुझ्याकडे आलो.

तुझा काका

ता. क. पाकीट मीच चिकटवते आहे. पहिल्या पत्रात मी तुला ठासून लिहिलं होतं की ह्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. तुमच्या चर्चच्या पायऱ्या उतरताना बघितलं, खरंच दुखतात. शनिवारी जाऊन सांगून टाकते. तोवर तेल लावते आहे. काकू